बाळाच्या सीटचा निर्णय विमानाच्या दारात नको, नियमात हवा : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

विमान धावपट्टीकडे निघालं की केबिन क्रू शेवटची एक फेरी मारतात ती तुम्ही बघितली असेलच. ट्रे बंद करा, सीट सरळ करा, खिडकीचं झापड वर घ्या, पायाशी ठेवलेली पर्स पुढच्या सीटखाली सरकवा, मांडीवरचा लॅपटॉप आत ठेवा. मागे गॅलीत चहाच्या ट्रॉल्यासुद्धा खटका लावून बंद केलेल्या असतात. आणि हे सगळं बरोबरच आहे, कारण जोरात ब्रेक लागला तर सुटी वस्तू उडते आणि कुणाच्या तरी डोक्यात बसते. पण त्याच रांगेत एक आई नऊ किलोचं बाळ मांडीवर घेऊन बसलेली असते आणि तिला सांगतात, घट्ट धरा. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, असा नियम आहे. जवळपास सगळीकडे हाच आहे, म्हणून हे पत्र तुमच्यासाठी तर आहेच पण दुसऱ्या देशांत तुमच्या जागेवर जे बसलेत त्यांनीही वाचलं तर बरंच होईल.

घट्ट धरणं म्हणजे नक्की किती घट्ट, ते आधी बघू. आजच्या विमानांच्या सीट पुढच्या दिशेने १६ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट जोराचा, धक्का सोसतील अशा टेस्ट केलेल्या असतात, म्हणजे इतक्या धक्क्यात माणूस वाचू शकतो असं धरूनच त्या बनवतात. त्या धक्क्यात नऊ किलोचं बाळ हाताला क्षणभर १४४ किलोचं लागतं. कुठल्या आईचे, कुठल्या बापाचे हात ते धरू शकतील? प्रेम कितीही असो, हात सुटणारच.

आणि यासाठी विमान पडायलाच हवं असंही नाही. २१ मे २०२४ ला सिंगापूर एअरलाइन्सच्या एसक्यू ३२१ विमानाला जो टर्ब्युलन्स लागला त्याच्या प्राथमिक तपासात आलंय की ०.६ सेकंदात विमान प्लस १.३५ जीवरून मायनस १.५ जीवर गेलं. पट्टा न बांधलेली माणसं त्या अर्ध्या सेकंदात छतावर आपटली. मोठी माणसं, शुद्धीवर असलेली, आधार धरू शकणारी. मांडीवर झोपलेल्या बाळाचा विचार करा. विमानात मिळतो तो बॅसिनेट, म्हणजे बाळाचा छोटा पाळणा, घ्या असं लोक सुचवतात, पण टेकऑफ-लँडिंगला तो वापरायचा नसतो आणि सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला त्यातून काढून मांडीवर घ्यावं लागतं, म्हणजे विमान सगळ्यात जास्त हलत असताना बाळ परत हातातच.

१९ जुलै १९८९ चा अपघात तुमच्या खात्यातल्या तज्ज्ञांना पाठ असेल, तरी लिहिते. युनायटेडचं फ्लाइट २३२, डीसी-१० विमान, शेपटीतल्या इंजिनाचा फॅन फुटला आणि विमान वळवायच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. पायलटनी नुसत्या इंजिनांच्या जोरावर पाऊण तास विमान हवेत धरून आयोवातल्या सू सिटीला आणलं. विमानात २९६ जण होते, ११२ गेले, १८४ वाचले. मांडीवरची चार मुलं होती. जॅन ब्राऊन या मुख्य फ्लाइट अटेंडंट होत्या. तेव्हाची पद्धत अशी की आदळायच्या आधी मांडीवरच्या बाळांना पायाशी जमिनीवर ठेवायचं, भोवती उशा आणि ब्लँकेट लावायची आणि धरून ठेवायचं. त्यांनी मॅन्युअलप्रमाणे तसंच सांगितलं, आईवडिलांनी तसंच केलं. दोन वर्षांचाही न झालेला एक मुलगा त्यात गेला. आई बाहेर पडली, मुलाला शोधायला परत जळत्या विमानात शिरायला निघाली आणि तिला अडवायचं कामही ब्राऊनबाईंवरच आलं. त्यानंतर त्या वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागत राहिल्या, प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, १९९० मध्ये हीच शिफारस केली.

मग २ जुलै १९९४, अमेरिकेतलंच शार्लट, यूएसएअर फ्लाइट १०१६. नऊ महिन्यांची मुलगी आईच्या मांडीवर. विमान आदळताना आईला तिला धरून ठेवता आलं नाही. आई वाचली, मुलगी नाही. आणि अगदी अलीकडे ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ चा दाराच्या जागी बसवलेला प्लग सुमारे १५ हजार फुटांवर उडून गेला, त्या विमानातही तीन बाळं मांडीवर होती. त्या भगदाडाशेजारच्या दोन सीट त्या दिवशी रिकाम्या होत्या. तिथे मांडीवर बाळ घेतलेलं कुणी असतं तर काय झालं असतं हे मला लिहवत नाही.

आता तुमचे अधिकारी याला काय उत्तर देतील ते मला माहिती आहे आणि ते उत्तर फालतू नाही. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, २००५ मध्ये बाळाला वेगळ्या सीटची सक्ती नको असं ठरवलं त्याचं कारण असं, की प्रत्येक बाळाचं तिकीट काढायला लावलं तर काही कुटुंबं विमान सोडून गाडीने जातील आणि रस्त्यावर विमानापेक्षा खूप जास्त मुलं मरतात, त्यामुळे एकूण नुकसानच वाढेल. २००३ च्या एका अभ्यासात हिशोब होता की अमेरिकेत सक्ती केली तर वर्षाला सरासरी ०.४ मुलांचा जीव वाचेल. आकडा लहान आहे, मान्य. विमान प्रवास मुळातच सुरक्षित आहे तेही मान्य, कुणाला घाबरवायला मी हे लिहीत नाही. पण हा सगळा युक्तिवाद सक्तीच्या विरोधात आहे. ज्या आईवडिलांनी स्वतःहून बाळाचं तिकीट काढलंय, विमानासाठी मंजुरी असलेली बाळाची कार सीट पाठीवर टाकून गेटपर्यंत आणलीय, त्यांना अडवण्याच्या बाजूने यात एक शब्दही नाही. आणि अडवलं जातं ते नेमकं त्यांनाच.

आमचंच सांगते. मुलगी चौदा महिन्यांची होती, तिचं वेगळं तिकीट काढलं, फोन करून विचारलं, कार सीट चालेल म्हणाले. विमानाच्या दारात गेल्यावर सांगितलं की ही आत नेता येणार नाही, कार सीट गाडीसाठी असते. मी सीट उलटी करून खालचं स्टिकर दाखवलं, लाल अक्षरात लिहिलेलं असतं की ही गाडीत आणि विमानात दोन्हीकडे वापरायला प्रमाणित आहे. त्यांनी ते वाचलं सुद्धा. मग कुणाला तरी फोन, मागे रांग खोळंबलेली, लोक वैतागलेले, नवऱ्याच्या खांद्यावर मुलगी रडतेय, शेवटी सीट खाली सामानात गेली. तिची पैसे भरलेली जागा आख्खा प्रवास रिकामी राहिली आणि ती माझ्या मांडीवर. परतीला तीच एअरलाइन, तीच सीट, तसंच विमान, आणि क्रूमधल्या एका मुलीने हसून म्हटलं, खिडकीला लावा, मी मदत करते.

त्या दारातल्या माणसावर माझा राग नाही. त्याच्या हातात लेखी काहीच नव्हतं, नाही म्हटलं की आपण सुटलो असं कुणालाही वाटेल. माझी तक्रार हीच आहे की एवढी मोठी गोष्ट कुणाच्या त्या दिवशीच्या मर्जीवर सोडलीय.

परतीला ती सीट कशी बसवली ते जरा सविस्तर सांगते, कारण नियम लिहिणाऱ्याने हे एकदा स्वतः करून बघायला हवं. खिडकीचीच सीट घ्यायची, म्हणजे घाईने बाहेर पडायची वेळ आली तर कुणाच्या वाटेत येत नाही. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत तर नाहीच. मधला आर्मरेस्ट वर करायचा, सीट ठेवायची, विमानाचा पट्टा सीटच्या मागच्या खाचेतून ओवून बकल लावायचा, मग गुडघा सीटमध्ये रोवून सगळा भार टाकून पट्ट्याचं टोक ओढायचं. पट्टा जातो तिथे धरून हलवून बघायचं, एक इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. आणि बकल! विमानाचा बकल झाकण उचलून उघडायचा असतो, तो नेमका त्या खाचेत बाळाच्या पाठीमागे येऊन बसतो, उतरताना तिथे बोटं जात नाहीत, म्हणून लावतानाच झाकण उघडायला जागा राहील असा फिरवून घ्यायचा. माहिती असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. क्रूला एकदा हाताने करून दाखवलं तर ते जन्मात विसरणार नाहीत.

काही अडचणी खऱ्या आहेत. विमानात कमरेचा पट्टा फक्त, खांद्यावरचा नाही, आयसोफिक्स, म्हणजे गाडीत कार सीट अडकवायचे हुक, तेही नाहीत, त्यामुळे ज्या सीटला त्यांची गरज लागते त्या विमानात लागतच नाहीत, बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलाला उंच बसवायची गादी, टेकऑफ-लँडिंगला चालत नाही तो म्हणूनच. सीट १६ इंचांपेक्षा रुंद असेल तर बऱ्याच ठिकाणी मावत नाही. मागे तोंड करून लावलेल्या सीटमुळे पुढच्या प्रवाशाला रेलता येत नाही आणि मग तिथे भांडण. एअरबॅगवाला पट्टा असलेल्या जागांवर कार सीट लावू नये असं सांगतात. हे सगळं बुकिंग करतानाच कळायला हवं की नको? आम्हाला दारात कळतं.

आणि त्या छोट्या जादा पट्ट्याबद्दल, मोठ्याच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटाला बांधतात तो. युरोपात तो चालतो, अमेरिकेत एफएएची त्याला परवानगी नाही. टर्ब्युलन्समध्ये बाळ वर उडणार नाही इतपत त्याचा उपयोग आहे, नाकारत नाही. पण समोरून धक्का बसला की मोठा माणूस कमरेत दुमडतो आणि मधे बाळ असतं, सगळा जोर त्याच्या पोटावर. त्यामुळे पट्टा दिलाय ना, मग झालं, असं म्हणून तुमच्या खात्याने हा विषय बंद करू नये एवढीच विनंती.

बरं, नवीन काही शोधायचंही नाहीये. आयसीएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेची, या विषयावर आख्खी पुस्तिका आहे, डॉक १००४९. अमेरिकेच्या नियमात स्पष्ट आहे की मुलाचं तिकीट असेल, सीट मंजूर असेल आणि आईवडील मागत असतील तर एअरलाइन नाही म्हणू शकत नाही, आणि परदेशी सरकारने मंजूर केलेली किंवा संयुक्त राष्ट्रांच्या मानकाची पाटी असलेली सीटही तिथे मानतात. जर्मनीत टीयूव्ही ही तपासणी संस्था विमानासाठी वेगळी तपासणी करून तसं लेबल देतं. जरा मोठ्या मुलांसाठी केअर्स नावाचा हार्नेस आहे, १० ते २० किलोच्या मुलांसाठी, एफएएने मंजूर केलेला, पिशवीत मावतो, विमानाच्या सीटच्या पाठीला वेढून लावायचा.

तर माझं मागणं मुख्यतः एकच आहे. तिकीट असलेल्या मुलाला मंजूर सीट वापरायचा हक्क नियमात लिहा, कुठली लेबलं चालतील त्याची यादी त्याच नियमात जोडा, आणि नाही म्हणायचं असेल तर एअरलाइनने कारण लेखी द्यावं असं बंधन घाला. नुसतं लेखी द्यावं लागेल म्हटलं तरी दारातले निम्मे नकार बंद होतील, माझी खात्री आहे. बाकीचं त्याच्या मागोमाग येईल, म्हणजे क्रूच्या ट्रेनिंगमध्ये सीट हाताने बसवून बघायचा एक तास, वेबसाइटवर प्रत्येक वर्गातल्या सगळ्यात अरुंद आणि रुंद जागेची मापं जशी अमेरिकेत द्यावी लागतात तशी, बुकिंगमध्येच कार सीट आणणार का असा रकाना, म्हणजे खिडकीची जागा आधीच मिळेल. विमानात शेजारची जागा रिकामीच जाणार असेल तर मांडीवरच्या बाळाची सीट तिथे लावू द्यावी, त्यात कुणाचं काही जात नाही.

तिकिटाचा विषय अवघड आहे हे मला कळतं. पण सीट घेणाऱ्या दोन वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाइतकंच भाडं लावणं आणि मांडीवर घेतलं तर जवळजवळ काहीच नाही, यातून आईवडिलांना कुठल्या बाजूला ढकललं जातं ते उघड आहे. रस्त्यावर जास्त मुलं मरतील या भीतीने सक्ती करत नसाल तर मग भाडं कमी करायला लावा, त्याने कुणीही गाडीकडे वळणार नाही. एअरलाइन कंपन्यांना बोलावून यावर एकदा बसा, आणि त्या बैठकीला आईवडील आणि केबिन क्रूच्या संघटनेची माणसंही असू द्या. अमेरिकेत फ्लाइट अटेंडंटची संघटना कित्येक वर्षं हीच मागणी करतेय, कारण बाळ जमिनीवर ठेवा असं सांगायची वेळ त्यांच्यावर आलेली आहे.

मसुदा तयार झाला की सूचनांसाठी खुला करा. मी माझ्या सूचना पाठवेनच, आणि अधिकाऱ्यांना सीट बसवून बघायची असेल तर आमची घेऊन मी स्वतः येते.

आपली,
एका लहान मुलीची आई