नदीकाठ वाचायला शिकवणारे राजगुरू

महोदय,

पुरातत्त्व म्हटले की डोळ्यांसमोर खापरे आणि नाणी येतात. पण ती ज्या मातीत सापडतात, त्या मातीचाही इतिहास असतो, हे महाराष्ट्राला पटवून देणाऱ्यांत डेक्कन कॉलेजचे भूपुरातत्त्वज्ञ डॉ. शरद राजगुरू अग्रणी होते. मुळा-मुठेच्या खोऱ्यातील गाळावर त्यांनी संशोधन केले, तसेच राजस्थानात डिडवाण्याच्या वाळूच्या टेकड्यांतून प्राचीन हवामानाचा माग काढण्याच्या कामातही ते होते.

जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर दिसतो; त्याच्या अभ्यासातही राजगुरू होते. हा थर १४ लाख वर्षांपूर्वीचा की सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून आलेला, यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशी इतक्या दुरून आलेली राख बोटांनी चाचपता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते. वाळूउपसा आणि काठांचे सपाटीकरण यांमुळे असे थर कायमचे नष्ट होऊ शकतात. तेव्हा बोरीचा थर संरक्षित करून तेथे राजगुरूंच्या कार्याची माहिती देणारा मराठी फलक शासनाने लावावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे