आधी तुझा रिपोर्ट, मग त्यांचा मूळपुरुष

मालवण

चि. सौ. मनूस,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आता पुरे." मी पुरे केलं. म्हणून हे लिहायला बसलोय. आई म्हणते, पोरगी आयर्लंडला निघालीय, आता कशाला तिच्या डोक्याला ताप देता. ताप देत नाही. तू पाठवलेली जावयांच्या सलिवन घराण्याची वंशावळ सगळी नीट पाहिली, त्याबद्दल लिहायचंय. जावयांना अंगात लोह साठण्याचा आनुवंशिक आजार निघाला म्हणून तूही रक्त तपास, हा विषय काढणार नाही असं तिला कबूल केलंय.

वंशावळ पाहून बरं वाटलं. फेरफाराच्या वह्या चाळण्यात जन्म गेला माझा, त्यामुळे काम कुणी नेटानं केलंय आणि कुणी उरकलंय हे कागद हातात घेतल्यावर कळतं. अमेरिकेतल्या ब्यूटच्या खाणीपासून मागे जात तू आयर्लंडच्या बेरा द्वीपकल्पापर्यंत पोचलीस. मी नकाशा काढून बसलो. ॲलिहीज, आयरीज, कॅसलटाउनबेअर. ॲलिहीजला १८१२ पासून तांब्याच्या खाणी होत्या, त्या थंडावल्या आणि तिथली खाणीत मुरलेली माणसं माँटानात ब्यूटला तांबंच खोदायला गेली. हे मला लगेच पटलं. खरं काय ते अशा साध्या कारणात असतं. दुष्काळानं हाकललं, जहाजात मेले, वाचले ते पुढे गेले, एवढंच सगळे सांगतात. १८४५ नंतरचा बटाट्याचा दुष्काळ खोटा नाही, दहाएक लाख माणसं मेली त्यात आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. पण तुझे सलिवन त्या लाटेत गेलेले दिसत नाहीत, ते मागाहून गेले. म्हणजे दुष्काळातून जगून उरलेल्यांची ही मुलं. ती कशी जगली हे कुठल्याच वहीत मिळणार नाही.

आता एक सांगतो, रागावू नकोस. ब्यूटच्या कागदात जॉन सलिवन आणि पुढे नुसतं 'आयर्लंड'. १९०६ च्या आधीच्या नागरिकत्वाच्या कागदांत बहुधा एवढंच असतं. तिकडे बाप्तिस्म्याच्या वहीत त्या सुमाराचे सहा जॉन सलिवन तूच काढलेस, आणि त्यांतला एक उचललास. का, तर त्याच्या बापाचं नाव डॅनियल. मनू, त्या लोकांत पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, अशी रीत होती. आता धर, डॅनियलला पाच मुलगे. पाचही जण आपापल्या थोरल्याचं नाव डॅनियलच ठेवणार. एकाच टाउनलँडमध्ये, म्हणजे आपल्या वाडीएवढ्या जागेत, पाच चुलतभाऊ, नाव एक, आडनाव एक, वयात दोन-चार वर्षांचा फरक. मग नावावरून तू काय ठरवणार? जी रीत माणूस शोधायला मदत करते तीच फसवतेही.

आपल्याकडे आडनावानं अर्धं काम होतं. वराडकर म्हटलं की वराड, आपल्याच तालुक्यातलं. लिओ वराडकर २०१९ च्या डिसेंबरात आयर्लंडचे पंतप्रधान असताना गावी आले, त्यांना मूळ गाव कुठलं म्हणून वह्या उघडाव्या लागल्या नाहीत. सलिवन म्हटलं की निम्मं कॉर्क आणि निम्मं केरी समोर उभं राहतं. म्हणून तर ग्रिफिथच्या मोजणीवाल्यांनीही, म्हणजे तिकडे जमिनीची आकारणी करणाऱ्या साहेबाच्या माणसांनी, एका गावात दोन सारखी नावं आली की कंसात बापाचं नाव लिहिलंय. जॉन सलिवन, कंसात टिम. हे बघून मी खुर्चीत हसलो. साहेबालाही शेवटी आपल्यासारखं मधलं नाव लावावंच लागलं. ते कंस तू उतरवलेले नाहीस. ते उतरव.

ॲनी मूरची गोष्ट तुला ठाऊक असेल, तरी सांगतो. १ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंड उघडलं, तिथून अमेरिकेत शिरलेली पहिली मुलगी ती. कॉर्कची, बरोबर दोन धाकटे भाऊ. पुढे वर्षानुवर्षं लोक समजत होते की ती टेक्ससला गेली आणि तिथे वारली. तिथल्या ॲनी मूरच्या वंशजांचे सत्कार झाले. २००६ साली निघालं की टेक्ससची ॲनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली, तिचा त्या बोटीशी संबंधच नाही. खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहिली, बेकरीत काम करणाऱ्याशी लग्न केलं, १९२४ मध्ये गेली, आणि क्वीन्सच्या दफनभूमीत तिच्या जागेवर दगडसुद्धा नव्हता. एवढ्या गाजलेल्या मुलीचं असं झालं, तिथे तुझ्या जॉनचं काय.

हे जॉनसाठी सांगतोय असं तुला वाटेल. थोडं तसं आहे, थोडं नाही. चुकीच्या सलिवनचे नातू शोधून तू त्यांना पत्र लिहिणार की आमच्या घरात हा आजार निघालाय, तुम्हीही रक्त तपासा. ती माणसं घाबरतील. आणि ज्यांना खरंच कळायला हवं ते कळल्याशिवाय राहतील. आधी जावयांच्या सख्ख्या भावाला सांग, तो अजून तपासायला गेलेला नाही म्हणालीस. दोघं भाऊ एकाच आईबापाचे. त्याला निदान चारात एक धोका आहे, आणि वडिलांनाही हाच आजार होता असं धरलं तर दोनात एक. १८५० च्या सलिवनला वेळ आहे, त्याला नाही.

आणि तू. काढणार नव्हतो. पण तू गेलीस का?

मी वाचलंय, तू म्हणतेस तसं सगळं वाचलंय. जावयांना सी२८२वायच्या, म्हणजे या आजाराच्या जनुकातल्या दोषाच्या, दोन्ही प्रती आहेत, म्हणजे चिऊला एक मिळालेलीच आहे; त्यांच्याकडे दुसरी चांगली द्यायला नाहीच. दुसरी तुझ्याकडून आली. सी२८२वाय आपल्या लोकांत जवळपास नसतो, मान्य. पण त्याच जनुकातला तो दुसरा दोष, एच६३डी, तो आपल्याकडेही आढळतो. एक हा आणि एक तो असला तरी बहुतेकांना काही होत नाही, तेही वाचलंय. बहुतेकांना. लहान मुलांना उगाच तपासत नाहीत, हेही कळलं. म्हणून तर चिऊचं नाही म्हणत, तुझं म्हणतो. एकदा तुझं आलं की विषय संपला. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी गरज नाही म्हटलं असेल. म्हणू देत.

बघ, आलोच परत तिथे. माफ कर.

तुझे सासरे मला सारखे आठवतात. तुमच्या लग्नात आम्ही तिकडे आलो होतो तेव्हा त्यांनी हात मिळवला, तर अंगठ्याजवळची दोन बोटं पुरती मिटतच नव्हती. खाणीतला हात असेल असं मी समजलो. मग कळलं, ते शाळेत गणित शिकवायचे. रंग तांबूस, तोही मला तिकडच्या उन्हाचा वाटला. आणि सगळ्या लग्नात त्यांनी सोड्याखेरीज काही घेतलं नाही, मी शेजारी बसून पाहिलंय. तरी ते गेले तेव्हा लिव्हर म्हटल्याबरोबर सगळ्यांनी मान डोलावली. आयरिश माणूस, लिव्हर, आणखी काय विचारायचं! तुझ्या सासूबाईंनीसुद्धा कधी विरोध केला नाही, हे मला फार लागलं. आता कळतंय की शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषून घेत होतं, ते सांध्यात आणि लिव्हरमध्ये साठत गेलं. वेळच्या वेळी बाटलीभर रक्त काढत राहिले असते तर माणूस आज असता. मी तुझी वंशावळ पाहताना मृत्यूचं कारण लिहिलेले रकाने पुन्हा पुन्हा बघत होतो. 'लिव्हर', 'मधुमेह', 'हृदय'. खाणीतल्यांना 'फुफ्फुस'. कारकुनाला जे सांगितलं गेलं ते त्यानं लिहिलं. त्या रकान्यांवर दारूचा शिक्का मारू नकोस आणि लोहाचाही मारू नकोस.

उत्तर आयर्लंडजवळ रॅथलिन बेट आहे, तिथे चारेक हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाची हाडं सापडली. त्याच्यातही हाच सी२८२वाय निघाला. आज आयर्लंडमध्ये साधारण ८३ माणसांत एकाला दोन्ही प्रती असतात. म्हणजे तुला आजाराचा मूळपुरुष हवा असेल तर तो सलिवन हे नाव जन्मायच्याही आधीचा आहे. जॉन सापडला म्हणून तो सापडणार नाही.

आणि गंमत बघ. आमच्या घरात लोह नव्हतंच कधी. तुझं हिमोग्लोबिन सहावीत असताना एवढं खाली गेलं होतं की शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिलीस की बसायचीस. आजी लोखंडी कढईत अळू शिजवायची, गूळ-शेंगदाणे तुझ्या दप्तरात. लाल गोळ्या तू तांदळाच्या पेटीमागे टाकायचीस, घर रंगवायला काढलं तेव्हा सगळ्या सापडल्या. आईनं त्या मोजल्या आणि मग रडत बसली. त्या वेळी कुणी म्हटलं असतं की या पोरीचा नवरा लोह जास्त झालं म्हणून रक्त काढून घेणार आहे, तर आजीनं त्याला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. आता जावयांचं रक्त दर आठवड्याला काढतात म्हणालीस. पुढे दोन-तीन महिन्यांनी एकदा, जन्मभर. त्यांना चक्कर येत नाही ना? तू त्याबद्दल नीट बोलतच नाहीस. नोंदींबद्दल तासभर बोलतेस.

कळतं मला. तुझ्या आजोबांच्या वेळी मीही हेच केलं होतं. दवाखान्यातून येऊन त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांना पत्र लिहीत बसायचो, त्यांच्या वहीतली आपली पिढी उतरवून पाठवा म्हणून. आईला वाटायचं, वेड लागलं याला. तेव्हा मला दुसरं काही हातात धरता येत नव्हतं.

तर तिकडच्या कामाचं बोलू. डब्लिनला फोर कोर्ट्समधलं दप्तर १९२२ साली जळालं, जुन्या शिरगणत्या त्यात गेल्या. पुढच्या काही सरकारनंच रद्दीत घातल्या. १९२२ च्या आधीच्यांपैकी १९०१ आणि १९११ च्याच अख्ख्या उरल्या. पण जमिनीचं दप्तर वाचलंय, आणि तिथे तुझा बाप तुझ्या उपयोगी पडेल. ग्रिफिथची मोजणी १८४७ ते १८६४ मधली. त्यात कूळ कोण, जमीनदार कोण, जमीन किती आणि तिची आकारणी किती एवढंच आहे, पण नंतर त्या वह्यांत कूळ बदललं की जुनं नाव खोडून नवं लिहीत गेले, वेगवेगळ्या रंगांच्या शाईनं, बाजूला वर्ष घालून. म्हणजे फेरफारच की. डॅनियल खोडून कुणाचं नाव चढलं ते बघ. जॉन ब्यूटला गेला असेल तर शेत भावाच्या नावे चढलं असणार, आणि त्या भावाची नातवंडं आजही तिथेच असतील. त्यांना भेट. बाप्तिस्म्याच्या नोंदीत गॉडपेरेंट्सची नावं असतात, ती एकही सोडू नकोस. बहुतेकदा मामा, मावशी, आत्याच असतात. जेरेमाया, डार्बी आणि डरमट वेगळे दिसले तरी एकच माणूस असू शकतो, हे तूच मला शिकवलंस. लॅटिनमधलं ते गिचमिड अक्षर रात्री चिऊला झोपवून तू वाचतेस, हे मी परवा कोर्टाच्या पायरीवर दोन वकिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

बॉस्टनच्या 'पायलट' वर्तमानपत्रातल्या त्या जाहिराती तू पाठवल्यास, हरवलेल्यांना शोधणाऱ्या. १८३१ पासून १९२१ पर्यंत छापत होते. अमुक परगणा, अमुक पॅरिश, अमुक वर्षी उतरला, शेवटचं पत्र अमुक खाणीतून आलं, त्यानंतर काही नाही. जाहिरात देणारी कोण, तर आई, बहीण, बायको. सगळ्या वाचवल्या नाहीत मला. आई शेजारी होती, ती म्हणाली, तेव्हा फोन नव्हते. फोन आहेत, खरंय.

बेराचे रस्ते अरुंद आहेत म्हणतात, समोरून गाडी आली तर एकानं मागे जायचं. तू मागे जा. चिऊला स्वेटर जास्तीचा घे. जावयांना तिकडे कच्ची कालवं खाऊ देऊ नकोस, लोह जास्त असलेल्यांना त्यातला जंतू जिवावर बेततो. गेल्या मे महिन्यात इथे तिसऱ्यांवर त्यांचा हात थांबत नव्हता. शिजवलेल्या होत्या, तरी आता आठवलं की पोटात गोळा येतो. आणि कॉर्कला उतरायच्या आधी, मनू, एक सुई टोचून घे. रिपोर्ट मला पाठवायचा नसेल तर नको पाठवूस. आईला सांग, ती माझ्यापर्यंत पोचवेल.

चिऊला पापा. जावईबापूंना आमचा नमस्कार सांग, आणि त्यांच्या वडिलांबद्दल मी जे लिहिलंय ते योग्य वाटलं तर त्यांना वाचून दाखव.

तुझे,
बाबा

ता. क. आई पहिल्यापासून विचारतेय, "आता तेका खावक काय घालू?" दिवाळीला याल तेव्हा घावणे चालतील ना, की लोखंडी तव्याचेसुद्धा नकोत? बिडाचा तवा ती टाकणार नाही, पण नॉनस्टिक घ्यायला तयार झालीय.