जुन्या अंकांतल्या गोष्टी मायक्रोफोनसमोर नेताना

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

जुन्या बालमासिकांतल्या, पुस्तकात कधीच न आलेल्या गोष्टींचं ऑडिओबुक करायचं तुझ्या मनात आहे, हे आईने सांगितलं. डॉ. स्यूस या अमेरिकन बाललेखकाच्या मागाहून सापडलेल्या गोष्टींचा दाखला तू देतेस तो चांगला आहे, पण नीट बघ. ते १९९१ मध्ये वारले आणि ‘द बिपोलो सीड’मधल्या सात गोष्टी पुस्तक आणि ऑडिओबुक म्हणून आल्या २०११ मध्ये. त्या काही कुठल्या पेटीत दडलेल्या नव्हत्या. १९५०–५१ च्या सुमाराला ‘रेडबुक’ मासिकात छापून आल्या होत्या. मासिक वाचून रद्दीत जातं, एवढंच झालं. चार्ल्स कोहेन या दंतवैद्याने ते अंक चिकाटीने जमवले. तेव्हा ‘सापडलं’ याचं फार कौतुक करू नकोस. घाम गळतो तो डोळ्यांसाठी छापलेलं कानांसाठी वाचताना, आणि तेही लेखकाच्या शब्दाला हात न लावता.

आधी गोष्ट खरंच असंग्रहित आहे का, ते बघ. शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीत, म्हणजे मराठी पुस्तकांच्या यादीत, पुस्तकं मिळतील, मासिकातल्या सुट्या गोष्टी नाहीत. संग्रहात घेताना मथळे सर्रास बदलतात, म्हणून मथळा जुळवू नकोस, पहिला आणि शेवटचा परिच्छेद जुळव. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी बांधीव वर्षं मिळतात, पण बाइंडरने बऱ्याचदा मुखपृष्ठं काढलेली असतात आणि कडा कापलेल्या असतात. गोष्टीचा शेवट मलपृष्ठाच्या आत छापला असेल तर तो गेलाच. अशा वेळी दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोधायची, शेवट आपल्या मनाने जोडायचा नाही.

हक्कांचं काम रेकॉर्डिंगच्या आधी उरक. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं. ‘हयातीत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हस्तलिखित मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं असेल तर ६० वर्षं त्या प्रकाशनापासून मोजावी लागतात, आणि नेमकी ‘नव्याने सापडलेली’ गोष्ट इथेच अडकते. टोपणनावाने छापलेल्या आणि खरा लेखक कधीच उघड न झालेल्या गोष्टीलाही प्रकाशनाचंच वर्ष लागू. चित्रांचा हक्क चित्रकाराकडे वेगळा असू शकतो, तेव्हा कव्हरवर जुनं चित्र सहज म्हणून टाकू नकोस. अमेरिकेत बहुतेक जुन्या छापील मजकुराला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण असतं, म्हणून इथे मोकळी झालेली गोष्ट तिथे विकता येईलच असं नाही. वारसांची परवानगी घेतलीस तर करारात ‘ध्वनिमुद्रण’ हा शब्द, मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून घे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

मग संहिता. स्कॅनवरून थेट वाचू नकोस, टाइप करून घे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘त्यानें’ असे अनुच्चारित अनुस्वार पानापानावर असतात. नवखा वाचक ते नाकातून उच्चारतो आणि गोष्ट कीर्तनासारखी वाटू लागते. टाइप करताना ते काढ, पण अनेकवचनाचा अनुस्वार (‘मुलांनी’, ‘झाडांना’) चुकूनही काढू नकोस. यंत्राने अक्षरं ओळखून घेतलीस तर नेमके हेच ठिपके ते गाळतं किंवा उगाच टाकतं, म्हणून मूळ पानाशी ओळ न् ओळ ताडून बघ. ‘चार’मधला च आणि ‘चमचा’मधला च वेगळे, तिथे पेन्सिलीने खूण कर. शेर, आणे, पायली आली की मध्येच अर्थ सांगत बसायचं नाही. गोष्टीआधी तुझ्या आवाजात दोन वाक्यांची ओळख दे, पुरे. ‘सोबतच्या चित्रात पहा’ असं वाक्य आलं तर मात्र ते गाळावंच लागतं, आणि गाळलं हे त्या ओळखीत सांगायचं.

खोलीबद्दल एवढंच की महागड्या मायक्रोफोनपेक्षा गाद्या आणि कपड्यांचं कपाट जास्त उपयोगी. पंखा आणि फ्रिज बंद ठेव, कुकरच्या शिट्यांची वेळ टाळ. तोंड मायक्रोफोनपासून साधारण वीतभर दूर आणि किंचित तिरकं ठेव, नाहीतर फ, भ, प वर धप्प आवाज येतो. सुरुवातीला अर्धा मिनिट काहीच न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड कर. तुकडे जोडताना मध्ये पूर्ण निःशब्द जागा टाकली तर कानाला खड्डा पडल्यासारखं वाटतं, तिथे हीच शांतता भरायची. चुकलीस की एक टाळी वाजव आणि वाक्य पहिल्यापासून वाच. टाळीचा उंच सुळका संपादनात लगेच दिसतो. वाक्याच्या मध्यापासून पुन्हा धरलंस तर सूर जुळत नाही.

ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबलला पुस्तकं पुरवणाऱ्या एसीएक्सची मापं धरून चाल. सरासरी पातळी −२३ ते −१८ डेसिबल, सर्वोच्च टोक −३ च्या खाली, शांततेतला खरखराट −६० च्या खाली. आवाज बारीक आला म्हणून नुसता वाढवलास तर खरखराटही तेवढाच वाढतो. नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखराट पुसण्याची सोय, जास्त लावलंस की स आणि श पाण्याखालून आल्यासारखे येतात. म्हणून खोली आधी सुधार.

राक्षसाचा आवाज काढायचा मोह आवर. स्यूसच्या त्या ऑडिओबुकात प्रत्येक गोष्टीला वेगळा वाचक होता, एकाच वाचकाचं सोंगांचं प्रदर्शन नव्हतं. संवादात वेगाचा आणि पट्टीचा थोडा फरक पुरतो. मुलं हेडफोनवर ऐकतात आणि किंचाळणं थेट कानावर आदळतं.

पहिली दहा मिनिटं झाली की ती मला डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवलेल्या फाइलमध्ये पाठव, एमपी३ मध्ये नको, आणि शांततेचा तुकडा वेगळा जोड. सोबत त्या पानांचे फोटोही दे, शब्द ताडून बघतो.

तुझे,
बाबा