चि. मुक्ता हिस

दादर, मुंबई

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला मलेरिया झाल्याचे आम्हांला तुझ्या मैत्रिणीकडून कळले, तेही ताप उतरल्यावर. फोनवर तू "किरकोळ होते" एवढेच म्हणालीस.

तुझे दिमापूरचे लष्करी पोस्टिंग आले तेव्हा माझी छाती अभिमानाने भरून आली होती, कारण १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, तुझे आजोबा अण्णा त्याच स्टेशनावर उतरून फील्ड ॲम्ब्युलन्सबरोबर, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय तुकडीबरोबर, डॉक्टर म्हणून इम्फाळला गेले होते. आदल्या वर्षी त्या ब्रह्मदेश आघाडीवरून जखमी म्हणून मागे न्यावा लागलेल्या प्रत्येक जवानामागे १२० जण आजारी म्हणून न्यावे लागले होते, आणि त्यांत मलेरियाचेच फार. मलेरिया रोखणाऱ्या मेपॅक्रीनच्या पिवळ्या गोळीने पुरुषत्व जाते अशी अफवा असल्याने अण्णा रांगेसमोर आधी स्वतः गोळी गिळत आणि मग एकेकाला तोंड उघडायला लावत. रजेवर वाईला आले तेव्हा त्या गोळीने झालेला त्यांचा पिवळा रंग पाहून आजीने कावीळ समजून पथ्य सुरू केले होते. पण इम्फाळला जाणारा कोहिमाचा रस्ता जपान्यांमुळे मार्चअखेर तुटला तो २२ जूनला मोकळा होईपर्यंत, ताप अंगावर काढून ते रुग्ण तपासत होते, हे त्यांनी घरी कधीच सांगितले नाही. कंपाउंडरकाकांशी बोलताना माझ्या कानावर पडले, तेव्हा मी शाळेत होतो.

तू तसे करू नकोस. डॉक्टरने स्वतःचे दुखणे लपवले तर त्याच्या भरवशावर असलेल्यांनी कोणाकडे पाहायचे? मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, वेळेवर जेवण... पुरे, उपदेश झाला; एमबीबीएस तू आहेस, रागावू नकोस.

अण्णांनी पुढे वाईत आयुष्य काढले. मिक्स्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी ते स्वतः चिकटवत, रात्री-अपरात्री खेड्यात व्हिजिटला सायकलवर जात, आणि थंडी वाजून ताप आलेला रोगी दिसला की फीचे नावही न काढता त्याच्या उशाशी बसून राहत. तुझ्या कमिशनची बातमी ऐकायला ते हवे होते.

तरी पुन्हा विचारतो, मलेरिया कोणत्या प्रकारचा, व्हायव्हॅक्स होता की फाल्सिपेरम? व्हायव्हॅक्स असेल तर प्रायमाक्वीनचा चौदा दिवसांचा कोर्स अर्धवट सोडू नकोस, तो ताप उलटतो, असे आपल्या डॉक्टरांनी मला बजावले आहे. रिपोर्टचा फोटो आईला नको, माझ्या फोनवर पाठव, आणि पुन्हा कणकण आली तर त्याच दिवशी कळव.

तुझे,
बाबा