सौर एरेटर हवा तो पहाटेसाठी

शेततळ्यातल्या सामूहिक मत्स्यपालनाला सौर पॅनलवर चालणारा एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, दिला की झाले, असा समज आहे. पण दिवसा उन्हात शेवाळच पाण्यात भरपूर प्राणवायू सोडते. तो घटतो रात्री, आणि पहाटे सर्वांत कमी असतो. रोहू-कटला पृष्ठभागावर तोंड वासू लागतात, तेव्हा पॅनल बंद!

म्हणून बॅटरी हवीच. एक अश्वशक्तीचा एरेटर चार तास चालवायला साडेतीन-चार युनिट लागतात. त्यासाठी 48 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि दीड किलोवॅटचे पॅनल धरावे. मोटर सुरू होताना कितीतरी पट जास्त प्रवाह ओढते. बेताचा इन्व्हर्टर नेमका तेव्हाच ट्रिप होतो. तो किमान 3 किलोवॅटचा असावा.

सलग ढगाळ दिवसांत मात्र दुहेरी संकट. शेवाळ प्राणवायू कमी देते, बॅटरीही पुरती भरत नाही. अशा वेळी खाद्य निम्म्यावर आणावे किंवा थांबवावे. गटाने एखादा डिझेल पंप हाताशी ठेवून तळ्याचेच पाणी उंचावरून फवारत परत सोडावे.

अनुदानाच्या अंदाजपत्रकात पॅनलबरोबर बॅटरीही धरावी, ही मत्स्यव्यवसाय विभागाला विनंती.

– शेततळ्यात मत्स्यपालन करणारे काही शेतकरी, सिन्नर