वेंगुर्ल्याच्या गॅरेजवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पद्मिनीचा पेट्रोलचा काटा चालू झालाय, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण समोर आभार मानले असते तर तुम्ही "जा रे" म्हणून हाकलला असतात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

बाबांची ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. काटा कायम तळाला, आणि खड्ड्यात आदळली की उगाच थरथरायचा. शिरोडा, रेडी इतपत ठीक, पण आंबोली घाट चढायचा म्हटलं की जीव टांगणीला. एकाने तर अख्खा मीटर बदलायला सांगितलं होतं, वर कुठल्याही गाडीला चालणारा सेंडर, म्हणजे टाकीतली पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग. तुम्ही म्हणालात, "मीटराक कायएक जावक नाय, टाकी बघूक व्हयी." कुठला सेंडर 10 ते 180 ओहमचा, कुठला 240 ते 33 चा; मीटरशी जोडी जुळली नाही तर नवा सेंडरही खोटंच सांगणार, हे त्या दिवशी कळलं.

सेंडरची वायर मोकळी ठेवलीत, मग क्षणभर बॉडीला टेकवलीत. काटा या टोकाचा त्या टोकाला! मीटर सुटला, आरोपी टाकीत. बॅटरी काढली, पेट्रोल उपसलं, आणि बिडी ओढत बघायला आलेल्या शेजाऱ्याला रस्त्यापलीकडे पिटाळलंत.

सेंडर बाहेर आला तेव्हा त्याच्या दांडीवरची पितळी डबी हलवली की आत पेट्रोल डचमळत होतं. तरंगायची ती बुडून बसलेली. गरम पाण्यात घातलीत, सांध्यावरून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. तिथे लगेच डाग दिला नाहीत. भोक जरा मोठं करून आतलं पेट्रोल काढलंत, परत परत गरम पाण्यात घालून वाफही घालवलीत. सोल्डर मात्र अगदी चिमूटभर: डबी जड झाली तर ती खाली राहील आणि काटा कमी दाखवेल.

थरथरीचं कारण तर आपल्या खाऱ्या हवेचंच. टाकीचं अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेली विजेची जोडणी, गंजलेलं. स्क्रूखालचा रंग आणि गंज खरवडून चासीला वेगळी वायर दिलीत, रबरी वॉशरही नवीन टाकलात. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, हे तुमचं म्हणणं मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय.

नवा मीटर गळ्यात मारला असतात तरी मला कळलं नसतं. तुम्ही मला शेजारी बसवून एकेक गोष्ट दाखवलीत, त्याचे आभार जास्त. फक्त मजुरी घेतलीत ती फारच कमी. चुलतभावाच्या जुन्या जीपचाही काटा बंद आहे, त्याला पाठवतोय. त्याच्याकडून तरी नीट घ्या.

तुमचा,
पद्मिनीवाला