बगॅसनं निळं पाणी निवळलं, पण आमच्या काळ्या ओढ्याचं काय?

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात विज्ञान प्रदर्शनाची बातमी वाचली, बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) पावडरीनं रंगाचं पाणी स्वच्छ करायचा स्वस्तातला प्रयोग, फोटोत एका बीकरमध्ये निळंशार पाणी आणि दुसऱ्यात एकदम नितळ. पोरांचं कौतुक आहेच. पण असली बातमी दरवर्षी येते, कधी बगॅस, कधी भाताचं तूस, कधी कडुलिंबाचा पाला नाहीतर शेंगांची टरफलं, आणि इकडं कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारा इचलकरंजीचा काळा ओढा पंचगंगा नदीत मिसळायचा तो मिसळतोयच, तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचे फोटोही तुम्हीच छापता. मग घोडं अडतं कुठं तेपण छापा की राव.

मी प्रोसेसच्या (कापड रंगवायच्या कारखान्याच्या) लॅबमध्ये नोकरी केलीय म्हणून सांगतो. तो निळा रंग बहुतेक मिथिलीन ब्लू असणार, कारण प्रयोगात तो हमखास जमतो. त्याच्यावर पॉझिटिव्ह चार्ज, आणि बगॅस, तूस, लाकडाचा भुसा यांच्यावर पाण्यात निगेटिव्ह, त्यामुळं रंग आपसूक चिकटतो. पण इथं कॉटनला चालतात ते रिॲक्टिव्ह रंग, ते स्वतःच निगेटिव्ह, कच्ची पावडर त्यांना फारसं जवळ करत नाही. त्यात जिगरमधून (कापड रंगवायच्या मशीनमधून) सुटणारं पाणी गरम, सोडा ॲशमुळं पीएच 10-11, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी, आणि रंगाईला मीठ घातलेलं असतं लिटरला 50 ग्रॅमच्या घरात! असलं लालभडक पाणी घेऊन त्यात बगॅस ढवळून बघा, लाल रंग बराचसा तसाच, वर बगॅसचाच पिवळट अर्क उतरून सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो. ॲसिड टाकून पीएच खाली आणला तर रंग जरा बरा धरतो, पण मग ॲसिडचा खर्च, नंतर ते ॲसिड मारायला चुन्याचा खर्च, आणि एवढं करून मीठ काही जात नाही, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जिथल्या तिथं.

आणि वापरलेली पावडर? ती ओली रंगीत रास टाकायची कुठं? बॉयलरला जाळा म्हणतात, पण टर्क्वाइज ब्लूसारख्या रंगात तांबं असतं, ते राखेत उरणारच. बगॅस फुकट आहे हेपण खरं नाही, साखर कारखाने त्यावर वीज करतात.

मी याच्या विरोधात नाहीये. कोळंबीच्या टरफलापासून निघणारं कायटोसान असले निगेटिव्ह रंग चांगले पकडतं, आणि ट्रीटमेंट झाल्यावर उरलेला फिकट रंग काढायला नारळाच्या करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन चालतो, तिथं जोर लावा ना. एवढंच म्हणणंय की पुढच्या वेळी तुमच्या बातमीदारानं रंग कुठला होता, पाणी खऱ्या प्रोसेसचं होतं का बाटलीतला रंग कालवून केलेलं, लिटरला पावडर किती लागली आणि नंतर तिचं काय केलं हे विचारून छापावं. कॉलेजवाल्यांना पाणी पाहिजे असेल तर ओढ्यावर कॅन भरून घ्यायला कुणी अडवत नाही.

आपला,
एक जुना वाचक, इचलकरंजी